पाठीचं ढोंग

वैरणीचा भारा अंगणात धाडकन पडला आणि त्याच्यावरच थोरली सून. उजव्या कुल्ल्यातून थेट पोटरीपर्यंत तिला कळ गेली होती.

"झालं हिचं सुरू!" दीर गोठ्यातूनच ओरडला. "धारा काढायच्या वेळेला बरोब्बर पाठ धरते."

"अहो, पाय उचलत नाही माझा."

"तोंड बरं उचलतं!"

नवरा मुकाट्याने वैरण आत नेत राहिला. त्याच्या गप्प बसण्याचाच तिला जास्त संताप आला.

मग दिराने मालीशवाली आणली. तिने थोरलीला पालथं पाडून कमरेवर पाय देऊन तुडवलं. दुसऱ्या दिवशी पायात चप्पल आहे की नाही हेही थोरलीला कळेना. तेव्हा मात्र कुणाला न विचारता ती भिंत धरत रस्त्यावर आली आणि दूधवाल्याच्या टेम्पोतून दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी पाय वर करून पाहिला, मणक्याचे एमआरआयचे फोटो काढायला लावले.

"दोन मणक्यांमध्ये गादी असते. ती फाटून आतला गर बाहेर आलाय, तो पायाची शीर दाबतोय. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, पण धीर धरावा लागतो. नुसतं लोळायचं नाही, सोसेल तितकं चालायचं. वाकून ओझं उचलायचं नाही. लघवी अडली, जांघ बधिर झाली किंवा पायातलं बळ गेलं, तर तडक इकडे. आणि पाठ पुन्हा कुणाला तुडवू देऊ नका!"

घरी येऊन तिने नवरा, दीर, सासू सगळ्यांसमोर ते मोठ्याने सांगितलं.

"मग भारे कोण आणणार?" दीर म्हणाला.

"तुम्हाला हात नाहीत?"

दीर उसळला, पण त्याच्याआधी सासूने हातातलं सूप आपटलं.

"गप बस! तुझ्या वेळी पोटुशी असताना माझाही पाय असाच गेला होता. तुझ्या बापानं ढोंगी म्हटलं. तसेच भारे वाहिले मी. तो पाय अजून फरफटतोय, दिसत नाही तुला? उचला विळे, दोघंही!"

दोघे भाऊ खाली मान घालून निघाले.

थोरली चालायला म्हणून गल्लीत उतरली. मागून चप्पल फरफटल्याचा आवाज आला.

"मी पण येते," सासू म्हणाली. "ती डॉक्टरीण माझा पाय बघेल का गं? आता एवढ्या वर्षांनी?"

"बघेल ना," थोरली तिचा हात धरत म्हणाली. सासूच्या वाया गेलेल्या त्या वर्षांच्या रागाने तिचे डोळे भरून आले होते.