गडद निळ्याचा हट्ट

रंगारी बारकूभाऊंनी आमच्या खोलीच्या भिंतीवर दोन पट्टे मारले. एक फिकट बदामी, एक गडद निळा. "बोल सारिका, कुठला?" निलेशनं विचारलं. नवरा माझा, पण उभा होता अगदी दुकानदारासारखा.

मी निळ्यावर बोट ठेवलं.

आता खरं कारण सांगते. कुसगावचं आमचं घर आता घर राहिलंय कुटं? शुक्रवार आला की लोणावळा फिरायला आलेले पाहुणे भाड्यानं राहायला येणार, खोल्या रिकाम्या करा. आधी माडी गेली, मग सासूबाईंची खोली गेली. त्या स्वयंपाकघरात झोपतात. उरली ही एक. आतून कडी लावून घटकाभर गप बसावं, अशी माझी एवढीच जागा. आणि पाहुणे खोली बघतात ती फोटोत! निळ्यात ती कोंदट, एवढीशी दिसणार. कोण मरायला घेतंय? मला काय अक्कल न्हाई व्हय?

"अगं, अंधार होईल," निलेश म्हणाला.

"होऊ दे. मला लय आवडतो."

"बदामीवर ओल उठून दिसंल," बारकूभाऊ म्हणाले. "निळ्यात झाकती." देवमाणूस!

पण निलेशनं पट्ट्यांचा फोटो काढून बुकिंगवाल्या पवनला धाडला. लगेच फोन वाजला.

"निळाच मारा!" पवन स्पीकरवर ओरडला. "जोड्यांना तसलीच खोली पायजे. येत्या शनिवारची देऊन टाकतो."

"न्हाई, न्हाई! बदामी मारा!" मी किंचाळलेच.

"बदामी पण चालंल, वैनी. फॅमिलीवाले घेत्यात. फक्त लवकर उरका."

फोन बंद झाला. मी पलंगावर बसले.

"मग मला इचारलंस कशाला रे?"

निलेश खरंच गोंधळला. "अगं, तुझी खोली. तुझ्या आवडीचा रंग नको व्हय?"

मेल्याच्या तोंडावर लबाडीसुद्धा नव्हती. असती तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. उठले आणि कपाटातल्या साड्या काढायला लागले. बारकूभाऊ ब्रश घेऊन खालमानेनं उभे होते.

साड्यांचा ढीग कवळून स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंनी फडताळाचं दार उघडलं. खालचे दोन्ही खण रिकामे, कागदसुद्धा अंथरलेला.

"आत्याबाई, हे कवा केलंत?"

"माझी खोली दिली ना," त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी."