पक्कडकाकांनी पट्टी वर नेली

पक्कडकाकांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये कुणाला आठवत नव्हतं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून ते निवृत्त झाले, पण त्यांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. वस्तू दिसली की हात शिवशिवायचे. बंद वस्तू नव्हे हं, चांगली चालू वस्तू! मिक्सरचा आवाज जरा कमी करतो म्हणून उघडला, तर तो कायमचा मुका झाला. दाराची बेल सुधारली, तर ती आता स्वयंपाकघरातला दिवा लावला की वाजते.

घरात सध्या त्यांच्या हातून वाचलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे काकूंचा कम्प्युटर. लेकीने त्या जुन्या डब्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं आणि काकू त्यावर शिलाईच्या कारखान्यासाठी पॅटर्न काढायच्या. पॅटर्न म्हणजे कापड कापायचे खाके, गळा एवढा, बाही तेवढी. पडद्याच्या तळाशी चित्रांची पट्टी होती, तिच्याखाली मॉनिटरच्या काठावर काकूंनी तीन गोल स्टिकर चिकटवले होते. लाल स्टिकरच्या वर फाइली, हिरव्याच्या वर पॅटर्नचा प्रोग्राम, पिवळ्याच्या वर मेल. काका त्यावरून हसायचे. "बालवाडीत बसलीयेस का गं?" म्हणायचे. काकू नुसतं "हं" म्हणायच्या.

काका कम्प्युटरच्या वाटेला जात नव्हते त्याला कारण होतं. मागे एकदा त्यांनी त्यात हात घातला होता, तेव्हा काकूंचं काम दोन दिवस अडकलं. काकूंनी आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "पुन्हा हात लावलात ना, तर हा कम्प्युटर उचलून कारखान्यात नेईन आणि दिवसभर तिकडेच बसेन. मग बसा घरात भिंतींशी गप्पा मारत." निवृत्तीनंतर त्यांचा सगळा दिवस कम्प्युटरशेजारच्या खुर्चीत जायचा. ते बोलायचे, काकू "हं" म्हणायच्या. ते "हं" गेलं तर उरलं काय?

पण लेकीनेच घोळ घातला. फोनवर सहज बोलून गेली, "बाबा, लिनक्समध्ये अख्खा डेस्कटॉप बदलता येतो. फाइली त्याच, प्रोग्राम तेच, समोरची मांडणी तेवढी निराळी. जुनी मांडणीही राहते, परत जाता येतं." काकांच्या कानात फक्त "बदलता येतो" एवढंच शिरलं.

दुसऱ्या दिवशी काकू मापं आणायला कारखान्यात गेल्या. पाच वाजेपर्यंत नवा पॅटर्न पाठवायचा होता. दार बंद झालं आणि काका खुर्चीत बसले. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावत त्यांनी इंटरनेटवरून नवा डेस्कटॉप उतरवलासुद्धा. जुन्या मांडणीतून बाहेर पडल्यावर पासवर्डच्या पडद्यावर कोपऱ्यात एक छोटं चाक दिसलं. ते दाबलं, नवं नाव निवडलं आणि आत शिरले.

वा! खालची पट्टी गायब, वर एक सडपातळ पट्टी, बाकी सगळं मोकळं मैदान. काका खूश. दिसेल ते बटण दाबत सुटले. एका बटणावर माणसाचं चित्र होतं. तिथे काहीतरी दाबल्यावर पडद्यावरची अक्षरं एकदम टपोरी झाली. आता हे कशाने झालं, ते काही केल्या सापडेना.

तेवढ्यात खाली लिफ्टचं दार लागलं. आयुष्य लिफ्टमध्ये गेलेल्या माणसाला कुठली लिफ्ट कुणाला घेऊन येतेय हे आवाजावरून कळतं. काकूच! या मांडणीतून बाहेर पडायचं बटण कुठे गेलं? सापडेना! मग त्यांनी जे केलं ते जगात फक्त त्यांनाच सुचू शकलं असतं. फाइली, पॅटर्न आणि मेलची तिन्ही चित्रं ओढून वरच्या पट्टीत त्याच क्रमाने लावली, आणि नखाने तिन्ही स्टिकर सोलून मॉनिटरच्या वरच्या काठावर चिकटवले.

काकू आल्या, पाणी प्यायल्या, बसल्या. क्षणभर थांबल्या. काका शेजारच्या खुर्चीचा आधीच घट्ट असलेला स्क्रू आवळत होते.

"अहो," काकू म्हणाल्या.

"काय?" काकांचा आवाज चिरकला.

"काही नाही."

आणि त्या कामाला लागल्या. खटाखट मापं भरली, खाका काढला, पाचाच्या कितीतरी आधी मेल गेला. वर गुणगुणतही होत्या! काकांना वाटलं, सुटलो बाबा. काकू आंघोळीला गेल्या तसा त्यांनी लेकीला फोन लावून कुजबुजत सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "वर उजव्या कोपऱ्यात क्लिक कर, बाहेर पड, आणि त्याच चाकातून जुनं नाव निवड." झालं की! जुनी पट्टी खाली, जुनी बारीक अक्षरं, सगळं जिथल्या तिथे. काकांनी स्वतःचीच पाठ थोपटली.

काकू केस पुसत आल्या आणि कम्प्युटरसमोर बसल्या.

"अहो, पट्टी पुन्हा खाली कुणी नेली?"

काकांची नजर मॉनिटरवर गेली. तिन्ही स्टिकर वरच्या काठावर दिमाखात बसले होते.

"पुन्हा म्हणजे? तुला कळलं होतं?"

"तुमच्याबरोबर उभा जन्म काढला. स्टिकर काय चालत चालत वर गेले?"

"मग नेणार का आता कम्प्युटर कारखान्यात?" काकांनी विचारलं.

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "आज किती महिन्यांनी मला आकडे नीट दिसले," त्या म्हणाल्या. "ते स्टिकर मी हौसेने लावले होते का? ती चित्रंच दिसत नाहीत मला. मागे तिनाचा आठ वाचला आणि अख्ख्या गठ्ठ्याच्या कॉलरी फुकट गेल्या. काम जाईल म्हणून कुणाला बोलले नाही."

काकांना स्वतःचं ते "बालवाडी" आठवलं आणि लाज वाटली. रोज शेजारी बसून ते बोलत राहिले होते, आणि ही बाई चाचपडत "हं" म्हणत होती.

"अगं, मला तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही कम्प्युटर उघडला असतात."

हे मात्र खरं होतं. काका खुर्ची पुढे ओढून बसले, जुन्या मांडणीतून बाहेर पडले, चाक दाबलं आणि टपोरी अक्षरं परत आणली. या वेळी प्रत्येक बटण दाबताना मोठ्याने सांगत होते, आणि काकू "हं" म्हणत होत्या.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," काका म्हणाले. "मी येतो बरोबर."

"या. पण नव्या चष्म्याचे स्क्रू आवळायचे नाहीत."

"नाही आवळत."

"हं," काकू म्हणाल्या.