लिंबोळीची पातेली

मी एक जुनी पितळी पातेली आहे, मित्रांनो. शहराच्या कडेला, हर्सूलच्या बाजूला, एका छोट्या बंगल्याच्या मागच्या अंगणात, न्हाणीजवळच्या कट्ट्यावर मी पालथी पडलेली असते. काठ एका बाजूनं वाकलाय, बुडाला काजळी धरलीय. एके काळी माझ्यात देवाच्या नैवेद्याची खीर शिजायची, असं मी सांगितलं तर माझ्यावर येऊन बसणारा कावळासुद्धा हसेल. पण शिजायची. आणि मग त्याच माझ्यात एक दिवस कोंबडी शिजवावी लागली. ती का, ते सांगते.

तांबटाच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. जन्मतःच इतका मार खाल्ला की पुढं कुणी आपटलं तरी फारसं मनाला लागलं नाही. शहरात, गुलमंडीच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात माझ्या मालकिणीच्या, भानुमतीच्या आईनं मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि लेकीच्या लग्नासाठी घेतलं. माझ्या काठावर भानुमतीचं नाव कोरलं. रुखवतात मी लाडवांच्या ताटाशेजारी अशी काही झळकत होते की विहीणबाईंनी मला दोनदा उचलून पाहिलं.

भानुमतीचे यजमान वैजनाथराव सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी हर्सूलकडं घर बांधलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, "इतक्या लांब रानात कोण राहतंय?" चहूकडं जोंधळ्याची शेतं होती. त्या घरात सणावाराची खीर माझी, बासुंदी माझी. दिवाळीच्या तोंडावर फकिराचाचा कल्हई करायला यायचे. मला निखाऱ्यावर फिरवून म्हणायचे, "अम्मा, ये पातेली को कुछ नै होता. तुमारे पोते इसमें खाते देखो." मी आतून चांदीसारखी लखलखायचे आणि तेवढीच मिजासही करायचे.

मिजास फार दिवस टिकत नसते. मुलाच्या, देवेशच्या लग्नात स्टीलची भांडी आली आणि मी माळ्यावर गेले. देवेश पुण्याला गेला, भांडी इथंच राहिली. माळ्याच्या झरोक्यातून मला थोडंफार घर-अंगण दिसायचं, बाकी आवाज ऐकू यायचे. आधी पाखरांचे, मग काँक्रीट कालवणाऱ्या यंत्रांचे. ज्याला रान म्हणत होते तिथं वसाहती उठल्या. रस्ता रुंद करायचा म्हणून एका सकाळी समोरचा जुना लिंब पाडला. त्याच्या फांद्यांच्या ढिगाऱ्यात कुत्र्याचं एक पिल्लू कुंईकुंई करत होतं. वैजनाथरावांनी ते धोतराच्या सोग्यात घालून आणलं.

"घरात यायचं नाही हिनं," भानुमती म्हणाली.

"नाही येणार. अंगणात राहील," ते म्हणाले. लिंबाखाली सापडली म्हणून नाव पडलं लिंबोळी.

आता वैजनाथरावांचा एक नेम तुम्हाला सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच येऊन ठेपतं. जेवताना ते पानातला शेवटचा घास मुक्या जिवासाठी ठेवायचे. पोळी दुधात कुस्करून, वर साखर आणि तूप. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. "घास न ठेवता उठलं तर खाल्लेलं अंगी लागत नाही," असं ते म्हणायचे. लिंबोळी आल्यापासून तो घास तिचा झाला. भर उन्हातही ती दाराशी बसून त्यांच्या पाटाकडं टक लावायची. त्या दोघांची ती वेळ म्हणजे दुसरी पूजाच होती.

लिंबोळी उतारवयाला लागली आणि दुष्काळाची वर्षं आली. हर्सूलच्या तलावाला भेगा पडल्या. नळाचं पाणी आठवडा-आठवडा तोंड दाखवेना. टँकर आला की बाया-माणसं हंडे घेऊन धावायची. त्याच उन्हाळ्यात लिंबोळी आजारी पडली. पुन्हापुन्हा अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन कुंथायची, आव पडायची, रक्त पडायचं. मान खाली घालून परत यायची, जणू तिनंच काही गुन्हा केलाय. भानुमती, जिनं तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता, ती आता बादलीतलं मोलाचं पाणी घेऊन तिचं अंग पुसायला लागली.

जनावरांच्या डॉक्टर अश्लेषाबाईंनी तपासून सांगितलं, "मोठ्या आतड्याला सूज आहे, आजी. औषध मी देते, पण निम्मं औषध तुमच्या चुलीवर आहे. तिला काय सोसतं ते शोधावं लागेल."

मग शोध सुरू झाला. मूगडाळीचा भात केला, तो मानवला नाही. शेजारच्यांनी दही सांगितलं, त्यानं जास्तच बिघडलं. पनीर देऊन पाहिलं, रात्रभर ती कण्हत राहिली. भानुमती हवालदिल झाली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उकडलेला मऊ भात, थोडं डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणि बिनकातड्याची उकडलेली कोंबडी. तेल नाही, मीठ नाही, दूध तर मुळीच नाही. थोडं थोडं, दिवसातून चारदा. पाणी उकळून. आणि काही आठवडे याशिवाय कणभरसुद्धा दुसरं नाही. नाहीतर काय सोसतं, काय सोसत नाही, ते मला कळणारच नाही."

"आमच्यात अंडंसुद्धा येत नाही हो," भानुमती पुटपुटली.

घरी वैजनाथराव म्हणाले, "घरात शिजणार नाही म्हणजे नाही."

भानुमतीनं पदर खोचला. मग म्हणाली, "घरात नाही शिजणार. अंगणात शिजेल."

आणि मित्रांनो, इतक्या वर्षांनी माळ्यावर तिचा हात आला. घरात सूनबाईची भांडी होती, सासूबाईंची होती, देवाची होती. नाव कोरलेलं, खरोखर तिचं स्वतःचं असं भांडं मी एकटीच होते. तिनं माझ्यावरची धूळ पदरानं पुसली आणि नावावरून बोट फिरवलं. फकिराचाचा आता थकले होते, पण तिनं त्यांना शोधून काढलं आणि मला कल्हई करून आणली. मला वाटलं, पुन्हा खीर! किती वेडी मी.

शेजारच्या रत्नमालाताई शाळेत शिकवायच्या. कोंबडी त्याच घेऊन आल्या. भानुमती तीन विटा मांडून चुलीसमोर बसली होती, नाकाला पदर लावून.

"काकू, तुम्ही व्हा बाजूला, मी शिजवून देत जाते की रोज," रत्नमालाताई म्हणाल्या.

"नको गं. तू शाळेत गेल्यावर? दिवसातून चारदा द्यायचंय तिला. मलाच शिकव."

"काय नाय त्यात. पाणी उकळू द्या, मग तुकडे सोडा. फोडणी नाय, मसाला नाय. लई सोपं हाय."

सोपं नव्हतं. पहिला तुकडा माझ्यात पडला तेव्हा भानुमतीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सत्तरीला आलेल्या त्या बाईनं जन्मात हे केलं नव्हतं. मलाही आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. पण लिंबोळीनं ती पहिली वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि शेपटी हलवली. भानुमतीनं त्या दिवशी दुपारच्या कडाक्यात पुन्हा अंघोळ केली, तांब्याभर पाण्यात. आणि संध्याकाळी परत चूल पेटवली.

थोडे दिवस बरे गेले. रक्त थांबलं, पण आव थांबेना. आज बरं वाटावं, उद्या पुन्हा कुंथणं सुरू. डॉक्टरीणबाई औषध बदलून थकल्या. "दुसरं काही पोटात जात नाही ना, आजी?" त्या विचारायच्या. "देवाशप्पथ नाही," भानुमती म्हणायची.

जात होतं. मी बघत होते. रोज दुपारी भानुमती जेवायला बसली की वैजनाथराव हात मागं धरून अंगणात यायचे. मुठीत तो घास असायचा. "एका घासानं काय होतंय गं बये," असं लिंबोळीच्या कानात सांगून भरवायचे. त्यांच्या मनात रतीभर वाईट नव्हतं. घास नाही दिला तर आपलं काही पुण्य उणं होईल, आणि ती बिचारी दाराशी वाट बघत बसेल, एवढंच त्यांना दिसायचं. मला ओरडावंसं वाटायचं. पण आम्हा भांड्यांचा आवाज आपटल्याशिवाय निघत नाही.

एक दिवस लिंबोळीला जास्तच त्रास होत होता. तिनं घास हुंगला आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात भानुमतीची चाहूल लागली. वैजनाथराव गडबडले. ज्या मला त्यांनी कोंबडी शिजल्यापासून कधी बोटही लावलं नव्हतं, त्या माझंच झाकण उचलून त्यांनी घास आत टाकला आणि झाकण ठेवलं.

भानुमती भात काढायला आली. झाकण उघडलं. कोंबडीच्या भातावर दुधात भिजलेली पोळी, वर तुपाचा थेंब. ती बघतच राहिली. असा घास त्या घरात एकच माणूस करायचा.

"अहो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "कधीपासून?"

वैजनाथरावांनी तूप लागलेली बोटं धोतराला पुसली.

"मी आयुष्यभराचं सोवळं या चुलीत घातलं. ज्या पातेलीत माझ्या आईनं मला खीर करायला सांगितली, तिच्यात कोंबडी शिजवली. आणि तुम्हाला एक घास आवरला नाही?"

"रीत होती गं," ते कसंबसं म्हणाले.

"माझी नव्हती का?"

ते पाटावर जाऊन बसले आणि मुलासारखे रडले. त्या दिवसापासून अंगणात घास आला नाही. दुपारी लिंबोळी दाराशी बसायची, वैजनाथराव तिच्याकडं पाठ करून जेवायचे. सगळं पान संपवायचे, शेवटचा घाससुद्धा.

आवही थांबली. पण फार उशीर झाला होता. लिंबोळी पार वाळून गेली, उठता येईना. डॉक्टरीणबाई अंगणात तिच्याजवळ बसल्या. भानुमतीनं विचारलंच, "त्या घासामुळं झालं का हो?"

"मी तसं म्हणणार नाही, आजी. वय झालंय, उन्हाळा हा असा. घास नसता तर नक्की वाचली असती, असं कुणी सांगू शकत नाही." मग त्यांनी लिंबोळीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता पथ्य सोडा. तिला आवडतं ते द्या."

डॉक्टरीणबाई गेल्यावर वैजनाथराव आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. हातात वाटी होती, आता काही लपवलेलं नव्हतं. दुधातली पोळी, साखर, तूप. ते भानुमतीसमोर उभे राहिले. लग्नाला पन्नासच्या घरात वर्षं झाली होती, पण त्यांनी तिला कधी काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"देऊ का?"

भानुमतीनं मान हलवली. "द्या."

त्यांनी खाली बसून घास लिंबोळीच्या तोंडाशी धरला. तिनं डोळे उघडले. घास ओळखला, हात ओळखला. शेपटीचं टोक एकदा हललं. पण खाल्लं नाही. जिभेनं त्यांचा अंगठा चाटला आणि शेजारी पालथ्या पडलेल्या माझ्या गार बुडाला मान टेकवून ठेवली. घास त्यांच्या बोटांतच राहिला. संध्याकाळपर्यंत ती गेली.

मित्रांनो, मला पुन्हा कुणी माळ्यावर ठेवलं नाही, घरातही नेलं नाही. मी इथंच आहे. वैजनाथराव दुपारी अजून शेवटचा घास ठेवतात, सवयीनं दारापर्यंत येतात आणि रिकाम्या अंगणाकडं बघत उभे राहतात. भानुमती त्यांच्या हातातला घास घेते आणि कावळ्याला घालते.

तुमच्याही दारात एखादा मुका जीव असेल. त्याच्यावर माया करा, खूप करा. पण तो आजारी असेल तर घास द्यायच्या आधी, त्याच्यासाठी उन्हात चूल फुंकणारं जे कुणी असेल त्याला विचारा. "देऊ का?" एवढंच विचारायचं असतं. आणि तो मुका जीव अजून खाऊ शकतो, तेव्हाच विचारा.