अंगारा गड्यांचा, ताप बायांचा

मुंजोबाच्या ओट्यासमोर त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अंतर राखा, तोंड झाका, असं रोज भोंग्यावरून ओरडणारे आमचे सरपंचच गर्दीत पहिल्या रांगेत उभे होते आणि त्यांचा मास्क हनुवटीवर आराम करत होता. आदल्या दिवशी गावच्या शाळेत कोरोनाच्या लसीचं शिबिर झालं होतं. पंचेचाळिशीच्या पुढच्या गड्यांनी आणि बायांनी दंड पुढे केले होते. आणि आता नवल असं, की घरोघरी बाया गोधड्या पांघरून कण्हत पडल्या होत्या, तर त्यांचे नवरे इथे तंबाखू मळत ठणठणीत उभे होते.

ओट्यावर गोकुळनाथ महाराज हात वर करून गरजले, "बोला, ताप कोनाले आला?"

"बायाइले!"

"अंगारा कोनं खाल्ला?"

"गड्याइनं!"

"मंग सुई मोठी का मुंजोबा मोठा?"

"मुंजोबा!" पिंपळावरची पाखरं उडाली.

आमच्या गावचा मुंजोबा ब्रह्मचारी. त्याच्या ओट्यावर बाईनं चढायचं नाही, त्याच्या अंगाऱ्याला बाईनं शिवायचं नाही. हा नेम कुणी केला ते कुणालाच माहीत नाही, पण मोडायची हिंमत कुणाची नव्हती. म्हणून लस घ्यायला जाणाऱ्या गड्यांना महाराजांनी चिमूट चिमूट अंगारा चाटवला होता आणि बाया तशाच गेल्या होत्या.

मी या गावात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. मी मागून विचारलं, "महाराज, रहेमतुल्लाभाईंनी अंगारा चाटला होता. ते रात्रीपासून तापले आहेत."

"त्याइनं मनात शंका धरली!"

"आणि सरपंचांच्या आईंना ताप आला नाही. त्यांनी तर अंगारा पाहिलासुद्धा नाही."

"पोराची पुण्याई!"

सरपंचांनी मान डोलावली. छापा पडला तर महाराज जिंकणार, काटा पडला तरी महाराजच. असा धंदा मलाही जमला असता तर पेन्शनची वाट पाहावी लागली नसती. हेच महाराज काही वर्षांपूर्वी नांदुऱ्याच्या स्टेशनात पॅसेंजर गाडीत दंतमंजन विकत. एक डबी मीही घेतली होती. दात पडला तो पडलाच.

महाराजांच्या शेजारी अंगाऱ्याचा पितळी डबा घेऊन महादेवराव उभा होता. माझा शेजारी आणि बालपणाचा सोबती. जिनिंगमध्ये कापूस मोजून निवृत्त झालेला हा माणूस आता महाराजांचा मुख्य सेवेकरी झाला होता. डबा त्याच्याच देवघरात असायचा. शिबिराच्या दिवशी तो अंगारा वाटत राहिला आणि त्याची स्वतःची लस राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. मंजुश्रीवहिनी तापातच पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. महादेव चहा पीत त्यांना ज्ञान पाजत होता.

"बाईचं अंगच तसं असते. देव तापला म्हनून तू तापली."

"महादेव, तू लस कधी घेतोस?" मी विचारलं.

"कायले घ्यायची? डबाच माह्या घरी हाय बे!"

तो आंघोळीला गेला तशा वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, याइले समजावा नं. याइले साखर हाय. जिना चढले का दम लागते. मले याचा भेव वाटून राह्यला. माह्या तापाचं काही नाही जी."

मी समजावून पाहिलं. पण माझं तो काय ऐकणार, गावानंच महादेवला तेव्हा ऐकू येईनासं करून टाकलं होतं. रस्त्यानं जाताना लोक त्याच्या पाया पडत होते.

ताप उतरल्यावर वहिनी माझ्यासोबत आरोग्य केंद्रात आल्या. तिथल्या डॉक्टर शाइस्ता साखरखेर्ड्याच्या, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. बोलायला सरळ. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "महाराजांनी पाहिलं ते खरं आहे, सर. सांगितलं ते खोटं. लशीनंतर ताप, अंगदुखी बायांना जास्त होते. फक्त आपल्या गावात नाही, सगळीकडेच."

"काऊन पन?" वहिनी पुढे सरकल्या.

"काकू, समजा कुणी नुसती आरोळी मारली, चोर आले म्हणून. एक घर लगेच काठ्या घेऊन बाहेर पडतं. दुसरं आधी कडी लावून कानोसा घेतं. बाईचं शरीर बहुतेक वेळा पहिल्या घरासारखं वागतं. लस म्हणजे ती आरोळी. खरा चोर नसतोच, पण शरीर सराव करतं. तुमचा ताप म्हणजे त्या सरावाची धावपळ."

"आणि हे बाईचंच असं काऊन?"

"थोडं बाईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे. थोडं रक्तातल्या वारशामुळे. रोगाशी लढायची बरीच जनुकं एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतात. बाईकडे ते दोन, पुरुषाकडे एक. याचा तोटाही आहे. ही तयार फौज कधी कधी आपल्याच घरावर उठते, म्हणून सांधे धरणारे काही आजार बायांनाच जास्त. पण खरा विषाणू आला की पुरुषाचं शरीर अनेकदा उशिरा जागं होतं. या कोरोनात अत्यवस्थ होणारे, जाणारे, पुरुष जास्त आहेत. त्यात तंबाखू, त्यात दवाखान्यात उशिरा येणं."

"म्हंजे ज्याइले ताप नाही आला त्याइले लस लागलीच नाही?"

"असं नाही, काकू. ताप नसला तरी लस काम करते. सगळ्या बायांना ताप येतो असंही नाही आणि सगळे पुरुष सुटतात असंही नाही. पण ताप आला नाही म्हणून मला काही होणारच नाही, असं समजणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते."

वहिनींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "हे सांगून त्याइले पटनार नाही. दाखोता येते का?"

"येईल की. पुढच्या शिबिरात बायांना अंगारा द्या आणि गड्यांना देऊ नका."

डॉक्टर हे सहज बोलून गेल्या. वहिनींनी मात्र ते मनावर घेतलं.

आमच्याकडे घरोघरी गॅस आला तरी आंघोळीचं पाणी पऱ्हाटीवरच तापतं. कापूस निघाल्यावर वाळलेल्या झाडांचं दुसरं करायचं काय? पुढच्या शिबिराच्या आदल्या दिवशी वहिनींनी न्हाणीघरातल्या चुलीतली राख वस्त्रगाळ केली, तिच्यात थोडा कापूर चुरला आणि पितळी डबा त्या राखेनं भरला. मूळ अंगारा काढून घेऊन तो त्यांनी आपल्या बचत गटातल्या, लस राहिलेल्या बायांना चाटवला. बायांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मुंजोबाची माफी मागितली आणि मग बोट तोंडात घातलं. एक म्हणाली, "मंजुश्री, हे तं राखच लागते वं!"

महादेवनं डबा उचलला आणि लस घ्यायला निघालेल्या प्रत्येक गड्याच्या जिभेवर स्वतःच्याच न्हाणीतली राख ठेवली.

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या संध्याकाळी ओट्यासमोर तीच गर्दी. घरात कण्हणाऱ्या बहुतेक बायाच, बाहेर मिरवणारे बहुतेक गडीच. महाराजांनी हात वर केला, "बोला, ताप कोनाले आला?"

"बायाइले!"

"अंगारा कोनं खाल्ला?"

"बायाइनं," मागून आवाज आला. मंजुश्रीवहिनी गर्दीतून वाट काढत ओट्यापर्यंत आल्या. त्यांच्या हातात उरलेल्या मूळ अंगाऱ्याचा वाडगा होता. "खरा अंगारा बायाइनं खाल्ला, महाराज. हा पाहा, उरलेला. गड्याइनं खाल्ली ते माह्या न्हानीतली राख होय. आता सांगा, ताप कोनं थांबोला? मुंजोबानं का माह्या चुलीनं?"

कुणीतरी खुसकन हसलं आणि सगळी गर्दी हसायला लागली. दोघंतिघं मात्र थुंकत बाजूला गेले. महाराज ओरडले, "देवाच्या अंगाऱ्याले बाईचा हात लागला! कोप होईल, कोप!"

"कोप व्हायचा असंन तं मले होऊ द्या," वहिनी म्हणाल्या, "पन हिशेबाचं उत्तर द्या नं जी."

आठवडा उलटायच्या आत महाराजांनी घाटावर कुठेतरी नवा देव शोधला. मी मनातून इतका खूश झालो की घरी शिरा करायला सांगितला. त्या गर्दीत डबा धरून उभा असलेला महादेव हसत नव्हता, हे मला शिरा खाताना आठवलं नाही, आणि त्याबद्दल मला आजही स्वतःचीच चीड येते.

वहिनींनी हा सगळा खटाटोप महादेवनं लस घ्यावी म्हणून केला होता. झालं उलटं.

"तू मले गावात नागडा केला," तो म्हणाला. "आता तं मुळीच घेनार नाही." त्यानं बायकोशी बोलणं टाकलं. गावात त्याला पोरंसोरं चिडवायला लागली, "काका, चिमूटभर राख द्या नं!" ज्या गावानं त्याला डोक्यावर घेतलं होतं त्याच गावानं त्याला खाली आपटलं. तो घाटावर जाऊन महाराजांना भेटून आला, नवा अंगारा आणला आणि त्याची पुडी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायला लागला. बायकोचा हात लागू नये म्हणून सदराही तो स्वतःच धुवायचा.

उन्हाळा संपता संपता दोघंही आजारी पडले. वहिनी लवकर उठल्या. महादेव खोकत राहिला. डॉक्टर शाइस्ता दोनदा घरी येऊन गेल्या, हात जोडून म्हणाल्या, "काका, दवाखान्यात चला." तो भिंतीकडे तोंड करून खिशातली पुडी चाचपत राहिला. बोलता येईना तेव्हा आम्ही त्याला उचलून गाडीत घातलं. पण फार उशीर झाला होता.

दहाव्याला बाया जमल्या. मी पडवीत होतो, आत काय चाललंय ते ऐकू येत होतं.

"दोघंही पडले. हे उठली, तो गेला."

"जाईन नाही तं काय? हिनंच अंगारा बदलोला. राख खाऊ घातली नवऱ्याले."

ज्या बायांनी अंगारा चाटून खिदळून घेतलं होतं त्यांतल्याही दोघी हे बोलणाऱ्यांत होत्या. वहिनी उठल्या, आतून महादेवचा सदरा घेऊन आल्या आणि खिशातली पुडी सगळ्यांपुढे उघडून ठेवली.

"हा खरा. महाराजाच्या हातचा. माह्या सावलीलेही दूर ठेवला त्याइनं. शेवटच्या दिवसापर्यंत हाच चाटला."

मग एका म्हातारीनं नाकाला पदर लावत सांगितलं, "पन बाई, पुडी तुह्याच घरात होती नं. घरालेच बाट लागला व्हता."

मला ओरडावंसं वाटलं. महाराज गेले होते, पण त्यांचं गणित गावात राहायला आलं होतं. ज्या गणितात उत्तर आधीच ठरलेलं असतं, बाई दोषी, त्याला कुठलाही पुरावा पुरत नाही.

महादेव गडी होता म्हणून मेला, असं डॉक्टर शाइस्ता म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नाही. साखर होती, लस नव्हती, उशीर झाला. पण आपल्याला ताप आला नाही म्हणजे आपण भक्कम, ही गड्यांची फुशारी आणि तिला ताप आला म्हणजे ती बाटलेली, ही गावाची समजूत, या दोन्हींनी मिळून त्याला दवाखान्यापासून दूर ठेवलं. देवाचा यात काही हात नाही. बाईचं शरीर लढाईला लवकर उठतं, तिला शिक्षा म्हणून ताप दिला जात नाही.

पोळ्याच्या आधी वहिनींनी दुसरी लस घेतली. मी भेटायला गेलो तर पुन्हा गोधडी घेऊन पडवीत बसलेल्या. मी विचारलं, "फार ताप आहे का?"

"हाव, हाय. दंडही ठनकून राह्यला." मग शेजारच्या रिकाम्या बाजेकडे पाहत म्हणाल्या, "हट्ट सोडला असता तं आज अठी बसून माह्यावर खेकसत असते."

वाचकहो, तुमच्या गावातही एखादा ओटा असेल आणि एखादा डबा असेल. पुढच्या शिबिराला घरातला गडी अंगारा चाटून निघाला, तर त्याच्याशी भांडत बसू नका. राखेनं कुणी मरत नाही, खुशाल चाटू द्या. पण त्याच्यासोबत शाळेपर्यंत चालत जा आणि त्याचा दंड पुढे झाल्याशिवाय घरी परतू नका.