ऑरिनची सकाळची फेरी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वेल्डाच्या लक्षात आलं, की ऑरिन बोलताना तिच्याकडे बघतच नाही. बघतो ते तिच्या कानाच्या जरा पलीकडे. एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा नजर चुकवायला लागला, की बाईच्या मनात नको ते येतं. तिच्याही आलं. मग एका सकाळी तिने त्याला कॉफी ओतताना पाहिलं. मान तशीच तिरकी, आणि निम्मी कॉफी कपाबाहेर.

"डोळ्यांना काय झालंय रे तुझ्या?"

"काही नाही. इथलं ऊन फार लागतं."

दर उन्हाळ्यात दोघं आपलं चाकांवरचं घर घेऊन वेस्ट येलोस्टोनला यायची. तिथल्या एका हॉटेलात ती खोल्या आवरायची आणि तो पाहुण्यांना व्हॅनमधून राष्ट्रीय उद्यान दाखवून आणायचा. पगार मिळायचा, शिवाय हॉटेलच्या मागे हे घर लावायला वीज-पाण्यासकट जागा. अट एकच, दोघांनीही काम करायचं. ओहायोतलं घर विकल्याला सहा वर्षं झाली होती. या गाडीखेरीज त्यांना दुसरं छप्पर नव्हतं.

तेव्हापासून वेल्डाचा जीव थाऱ्यावर राहिना. हात चादरी ताणायचे, कान मात्र रस्त्याकडे. लांब कुठे रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला, की ती खिडकीशी जायची. दुपारी तीनला व्हॅन फाटकात शिरली, की मगच तिला धड श्वास घेता यायचा.

बुधवारी तिची सुट्टी होती. "मीही येते आज, गरम पाण्याची कारंजी बघून किती दिवस झाले," असं म्हणत ती व्हॅनमध्ये त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. मागे आठ पाहुणे होते, त्यात दोन लहान मुली.

नदीकाठच्या रस्त्यावर पुढे एक माणूस भर रस्त्यात उभा राहून हरणाचा फोटो काढत होता. वेल्डाला तो केव्हाच दिसला होता. ती वाट बघत राहिली. आता वेग कमी करेल, आता करेल. व्हॅन तशीच पुढे चालली.

"ऑरिन, ब्रेक मार!"

व्हॅन थांबली तेव्हा त्या माणसात आणि बंपरमध्ये हातभर अंतर उरलं होतं. त्याने दचकून हात वर केला. मागचे पाहुणे हसले. कुणीतरी म्हणालं, "हे फोटोवाले एक दिवस मरणार आहेत!"

"दिसला होता मला," ऑरिन पुटपुटला.

 परतताना वेल्डा हळू आवाजात सांगत राहिली, "पुढे लाल गाडी आहे... आता डावं वळण... जरा हळू, बायसन उभाय." एरवी बायकोने रस्ता सांगितला तर उसळणारा ऑरिन निमूट तसंच करत गेला. त्यावरूनच तिला कळलं, याला खरंच दिसत नाहीये.

"मधोमध डाग आहे गं एक," घरी आल्यावर त्याने कबूल केलं. "कडेचं दिसतं. सप्टेंबरपर्यंत ढकलू कसंतरी. मॅनेजरबाईंना सांगितलं तर जागा जाईल."

"आणि एखादं पोर चाकाखाली आलं तर?"

"एवढ्यात पोरांवर कशाला जातेस?" असं म्हणून तो उठून बाहेर गेला. तिला त्याचा राग आला, आणि आपणही महिनाभर गप्प राहिलो याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वरच्या मजल्यावर पलंग आवरत होती. खिडकीतून खाली व्हॅन दिसली. एक बाई लेकराला उचलून आत बसवत होती. वेल्डा जिन्याकडे धावली. उशीचा अभ्रा हातातच राहिला होता.

ती थेट व्हॅनच्या समोर जाऊन उभी राहिली. काचेपलीकडे ऑरिन तिच्याकडेच तोंड करून बसला होता. त्याने इंजिन सुरू केलं. गिअर टाकला. व्हॅन वीतभर पुढे सरकली.

वेल्डाने दोन्ही हातांनी बॉनेट बडवलं. "ऑरिन! अरे, मी आहे इथे!"

इंजिन बंद पडलं. गलका ऐकून मॅनेजर ब्रिजेट दारात आली. "काय झालं वेल्डा? लागलं का तुम्हाला?"

ऑरिन दाराला धरून खाली उतरला. चेहरा पांढराफटक पडला होता. "बायको समोर उभी होती, ब्रिजेट. मला दिसली नाही." त्याने किल्ली पुढे केली. "मी नाही चालवणार आता."

ब्रिजेटने आधी पाहुण्यांची दुसरी सोय केली आणि मग या दोघांना खुर्चीत बसवलं. "हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली. चिडली होती, आणि ते बरोबरच होतं. वेल्डा मान खाली घालून ऐकत राहिली. आता सामान आवरायला सांगणार, याच धाकात.

"ऑरिन, टॉवेलच्या घड्या घालता येतील?" ब्रिजेटने विचारलं.

"आंधळ्यालाही येतात," तो म्हणाला. हसलं कुणीच नाही.

जागा राहिली. ऑरिन मात्र चार दिवस वेल्डाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी तिने ठरवलेल्या डॉक्टरकडे तो मुकाट्याने आला. डाव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नव्हतं. उजव्यात इंजेक्शनं देऊन थोडंफार सांभाळता येणार होतं. गाडी मात्र कायमची बंद.

ऑक्टोबरात थंडीपायी दक्षिणेला निघायचं, तर चाकांवरचं घर चालवणार कोण? वेल्डा रोज दुपारी हॉटेलमागच्या मोकळ्या जागेत ते चालवायला शिकली. सगळं बरोबर जमत असतानाही तिचे तळहात घामाने ओले व्हायचे. निघाल्या दिवशी ती कशीबशी चाळीस मैल गेली आणि एका पेट्रोल पंपामागे थांबली. हात स्टिअरिंगवरून सुटायलाच तयार नव्हते. ऑरिनने एकेक बोट हळूच सोडवलं.

"उद्या पन्नास करू," तो म्हणाला.

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली आणि सूप गरम करायला उठली.