लाल उतरवताना

दुर्बिणीतून तेजोमेघ बघितला की डॉक्टर असो की हमाल, प्रत्येकाला राखाडी धूरच दिसतो. म्हणून तर घड्याळजींना हा छंद मानवला होता. लाल रंग त्यांना जन्मापासून जवळजवळ काळाच दिसे, आणि ही गोष्ट त्यांनी गिऱ्हाइकांना सोडाच, घरातही कुणाला कळू दिली नव्हती. घड्याळात लाल असतंच किती.

पण मुलाने हौसेने कॅमेरा आणून दुर्बिणीला जोडून दिला आणि पंचाईत झाली. तेजोमेघातला हायड्रोजन लाल उजळतो, कॅमेऱ्याला तो बरोबर दिसतो, आणि खगोल मंडळाच्या प्रदर्शनात हाच फोटो लावणार असं घड्याळजी सगळ्यांना सांगून बसलेले. गच्चीवर जागून काढलेले फोटो त्यांनी संगणकात एकावर एक रचले आणि ढग आपल्याला नीट दिसेपर्यंत लाल वाढवत नेला.

छपाईला द्यायच्या दिवशी सकाळी सूनबाई चहा ठेवायला आली आणि तिथेच थबकली.

"बाबा, एवढं भडक मुद्दाम केलंत?"

"हायड्रोजन तसाच असतो."

"असेल. पण डोळ्यात खुपतंय. आतलं काहीच कळत नाही, नुसता टोमॅटो."

तिला दटावून गप्प बसवणं सोपं होतं. पोर भिडस्त होती. पण मग उद्या मंडळात चारचौघांत शोभा झाली असती.

"मला लाल दिसत नाही," घड्याळजी शेवटी म्हणाले. "घरात बोलू नकोस."

सूनबाई हसली नाही, हळहळलीही नाही. त्याबद्दल ती त्यांना एकदम आवडली. तिने खुर्ची ओढली. "मग मी उतरवते. तुम्ही थांब म्हणा."

"मी कसा म्हणणार? तूच ठरव."

ती लाल कमी करत गेली. घड्याळजींच्या डोळ्यांदेखत ढगाच्या कडा विरल्या, मग मधला भागही गेला, आणि काळ्यावर नुसत्या चांदण्या उरल्या. इतक्या रात्री जागून जे काढलं, ते बरोबर झालं की आपल्याला दिसणारच नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांना चांगलंच वाईट वाटलं.

"बास," सूनबाई म्हणाली, आणि फोटोकडे बघतच राहिली. "बाबा, काय सुंदर काढलंय हो हे."

घड्याळजींनी पडद्यावरची नजर काढली आणि तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं.

"छापायला दे," ते म्हणाले.