तोफेवरची जागा

चष्मेवाल्याच्या घरात दोन जुन्या वस्तू उरल्या होत्या. एक तो स्वतः आणि दुसरा त्याच्या बायकोचा कॉम्प्युटर. सकाळी चालू व्हायला दोघांनाही सारखाच वेळ लागायचा. कुरकुर कॉम्प्युटर जास्त करायचा.

बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकानं त्या कॉम्प्युटरकडे बघून दबक्या आवाजात विचारलं होतं, ‘‘आता याचं काय करणार?’’ जणू ती तान्हं मूल मागे ठेवून गेली होती.

बायको शाळेत गणित शिकवायची आणि घरी येऊन जहाजं बुडवायची. दर शनिवारी संध्याकाळी ती कॉम्प्युटरवर गेम लावून, हेडफोन चढवून बसायची. दुसऱ्या शहरातल्या लेकीच्या हातात सुकाणू, हिच्या हातात तोफ. चष्मेवाल्याला स्वयंपाकघरात फक्त एका बाजूचं बोलणं ऐकू यायचं. ‘‘वळव! अगं वळव! सासूला दे ते सुकाणू, ती बरी वळवेल!’’ मग धडाम. मग तेवढ्याच आवाजात, ‘‘आणि तुझ्या खोकल्याचं काय झालं?’’ लेकीची नोकरी, घरमालकाची कटकट, नवऱ्याशी झालेलं भांडण असं सगळं या धुमश्चक्रीतच बोलून व्हायचं. चष्मेवाल्याला त्यातलं निवडक रात्रीच्या जेवणाबरोबर मिळायचं. तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

आता लेक त्याला फोन करायची.

‘‘जेवलात?’’

‘‘जेवलो. तू?’’

‘‘हो, मीपण.’’

‘‘मग ठीक.’’

‘‘हो, ठीक.’’

यापुढे दोघंही समोरचा कधी फोन ठेवतो याची वाट बघत बसायची. चष्मेवाल्यानं एकदा नव्या भिंगांची माहिती सांगून बघितली. लेकीनं ती फार सभ्यपणे ऐकली. तो सभ्यपणा त्याला झेपला नाही.

अशाच एका फोनमध्ये तिच्या तोंडून निघून गेलं, की जहाजाच्या गेमचा नवा हंगाम या शनिवारी सुरू होतोय आणि तोफेवर कोण, ते नाव त्याआधी द्यायचंय. ‘‘सासूबाई म्हणाल्या, मी बसते. त्यांना नवं मशीन आणलंय ना. आत दिवे लागतात त्याच्या.’’

चष्मेवाल्यानं मनाशी हिशेब मांडला. विहीणबाई तोफेवर बसल्या, की शनिवारच्या गप्पाही त्यांच्याच. आपल्या वाट्याला ‘जेवलात’ आणि ‘ठीक’. तेही किती दिवस?

‘‘मी बसतो तोफेवर,’’ तो म्हणाला.

‘‘बाबा, तुम्ही?’’

‘‘का? उभा जन्म लोकांची नजर तपासण्यात गेला. माझा नेम चुकेल होय?’’

‘‘नेमाचं राहू दे. नव्या हंगामाचा गेम जड आहे, आईच्या मशीनवर उघडणारसुद्धा नाही.’’

‘‘शनिवारपर्यंत उघडेल.’’

‘‘बरं,’’ लेक म्हणाली. ‘‘पण नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका.’’ हल्ली सगळे त्याच्याशी याच आवाजात बोलायचे. हा माणूस काचेचा आहे आणि आधीच तडा गेलाय, अशा आवाजात.

त्यानं गेम लावून बघितला. उघडला तर खरा, पण समुद्र हप्त्याहप्त्यानं आला. एक लाट दिसली. ती पुढे सरकेपर्यंत चहा करून झाला.

सल्ल्यासाठी त्यानं मेहुण्याला बोलावलं. मेहुणा बँकेत होता, त्यामुळे त्याला सगळ्यातलंच कळायचं. तो बसला, कॉम्प्युटरचं झाकण काढून त्यानं आत बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून चकचक केली.

‘‘दाजी, यात ग्राफिक्स कार्डच नाही.’’

‘‘जळालं. तुझ्या ताईनंच काढून टाकलं. दोन वर्षं बिनकार्डाचंच चालवत होती.’’

‘‘कार्ड टाकता येईल. पण मग प्रोसेसर कमी पडणार. प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला. बोर्ड बदलला की रॅम बदला. मग पॉवर सप्लाय, मग हा डबा.’’

‘‘मग जुनं काय राहिलं?’’

मेहुण्यानं प्रामाणिकपणे विचार केला. ‘‘माउस ठेवता येईल.’’

‘‘नुसतं कार्ड आणि रॅम टाकू. फोटोचे पैसे आहेत ना, तेवढ्यात बसवायचं.’’

मेहुण्याचा चेहरा पडला. सगळ्या नातेवाइकांनी मिळून ताईचा मोठा फोटो करायचं ठरवलं होतं. भिंतभर, मागून दिवे असलेला. कल्पना मेहुण्याची होती आणि चौकट त्याच्या मित्राच्या दुकानातून यायची होती.

‘‘दाजी, ताईचा फोटो सोडून गेम?’’

‘‘तुझी ताई भिंतीवरचं काहीच बघायची नाही. घड्याळसुद्धा. छोटा लावू आपण फोटो. मला चष्मे कमी नाहीत, दिसेल.’’

कॉम्प्युटरच्या दुकानात सगळं काही चमकत होतं. खुर्च्या चमकत होत्या, पंखे चमकत होते. चाळिशीच्या दुकानदाराच्या गळ्यात हेडफोन होता, तोही चमकत होता.

‘‘बोला काका. नातवासाठी?’’

‘‘माझ्यासाठी. जुन्या मशीनला कार्ड हवंय.’’

‘‘किती जुनं?’’

‘‘दहा वर्षं झाली.’’

दुकानदारानं ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला. ‘‘काका, खरं सांगू? सोडा आता त्याला. जुनं किती दिवस धरून बसणार? पुढं जायला हवं ना माणसानं.’’

चष्मेवाल्याला हे बोलणं ओळखीचं वाटलं. गेले काही महिने शेजारी, नातेवाईक, बायकोच्या पेन्शनच्या खिडकीतली बाई सगळे त्याला हेच ऐकवत होते. फक्त ते फुकट ऐकवत होते, हा पैसे घेणार होता.

‘‘ते खालच्या कपाटातलं कार्ड दाखवा.’’

‘‘ते वापरलेलं आहे. गॅरंटी नाही त्याची.’’

‘‘माझी तरी कुठं आहे? लावून दाखवा.’’

दुकानदारानं नाइलाजानं ते दुकानातल्या मशीनवर चालवून दाखवलं. मग रॅमच्या पट्ट्या काढल्या. ‘‘यात दिवेवाल्या पण येतात काका.’’

‘‘दिव्यांनी वेग वाढतो?’’

‘‘नाही. पण छान वाटतं.’’

‘‘तुम्हाला की मला?’’

बिनदिव्याच्या पट्ट्या घेऊन तो घरी आला.

कार्ड डब्यात मावेना. आत डिस्क ठेवायचा पत्र्याचा खण होता, तो आडवा येत होता. ‘‘मी म्हणालो नव्हतो, डबा बदला?’’ मेहुणा खुशीत म्हणाला. हे बघायलाच तो बँकेतून लवकर सुटून आला होता. चष्मेवाल्याच्या धंद्यात फ्रेम नाकावर बसली नाही तर फ्रेम घासतात, वाकवतात. आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाचं नाक बदललेलं नव्हतं. त्यानं छोटी करवत आणली, पत्र्याचा खण कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि डिस्क डब्याच्या तळाला बांधून टाकली.

मग धूळ. पंख्याच्या पात्यांवर लोकरीसारखा थर बसला होता आणि पंख्याच्या दांड्याभोवती एक लांब पांढरा केस गुंडाळला गेला होता. चष्मेवाल्यानं भिंगाच्या चिमट्यानं तो हळूहळू उलगडला. तुटू दिला नाही. मग चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि डबी मिटली. मेहुण्याला तेवढ्यापुरतं कशातलंच काही कळत नव्हतं. तो उठून खिडकीशी गेला.

तारा जोडायचं काम सोपं होतं, कारण ते बायकोनं आधीच करून ठेवलं होतं. केर काढताना चष्मेवाला दर वेळी एखादी तार ओढून काढायचा आणि भलत्याच भोकात खुपसायचा. वैतागून तिनं एकदा नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या. तारेला एक ठिपका, तिच्या भोकाला एक ठिपका. लाल लालमध्ये, गुलाबी गुलाबीत. ‘‘पाचवीतली पोरं जोड्या लावतात,’’ ती म्हणाली होती. ‘‘तुम्हालाही जमेल.’’

त्याला जमलं. स्क्रीन लागली, गेम उघडला, समुद्र आला. हप्त्याहप्त्यानंच आला. चहाऐवजी आता फार तर पाणी पिऊन झालं असतं.

‘‘प्रोसेसर,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘मग बोर्ड, मग...’’

‘‘माउस ठेवता येईल, माहीत आहे.’’

शनिवारची दुपार झाली. त्यानं स्क्रू पुन्हा आवळून बघितले, भिंग पुसायच्या कापडानं रॅमच्या पट्ट्या पुसून बघितल्या. शेवटी फोन लावला.

‘‘विहीणबाईंचं नाव देऊन टाक,’’ तो म्हणाला. ‘‘कार्ड बसवलं, पण फरक नाही. माझं नशीबच वापरलेलं आहे.’’

‘‘असू दे बाबा, वाईट वाटून...’’ लेक बोलता बोलता थांबली. ‘‘एक मिनिट. फरक नाही म्हणजे? अजिबात? व्हिडिओ लावा. मागची बाजू दाखवा.’’

त्यानं दाखवली.

‘‘स्क्रीनची तार कुठंय?’’

‘‘जिथं असते तिथं. लाल ठिपक्यात.’’

‘‘आणि कार्ड?’’

‘‘हे काय खाली. यालाही तीन भोकं आहेत, रिकामी.’’

‘‘ती तीन रिकामी भोकं बघून मनात काही आलं नाही?’’

‘‘आलं. जादा दिली असतील.’’

मेहुण्याला अचानक खोकला आला.

‘‘आणि मामा तिथंच आहे ना? त्यालाही जादा वाटली?’’ लेक म्हणाली. ‘‘बाबा, कार्ड आत नुसतं पाहुण्यासारखं बसलंय! काम सगळं जुनं बोर्डच करतंय. तार काढा आणि कार्डाला लावा.’’

चष्मेवाल्यानं तार हातात घेतली. लावली मात्र नाही.

‘‘ठिपका तिनं लावलाय,’’ तो म्हणाला.

‘‘तिनं लावला तेव्हा कार्ड जळालेलं होतं बाबा.’’

‘‘लाल सोडून दुसरीकडे घातलीत तर जेवायला वाढणार नाही, असं बजावून ठेवलंय.’’

लेक हसली.

‘‘आज मी सांगतेय,’’ ती म्हणाली. ‘‘घाला.’’

‘‘दाजी, मी घालू का?’’

‘‘हात लावू नकोस.’’

तार कार्डात गेली. स्क्रीन काळी झाली, आणि मग समुद्र आला. सबंध आला. लाटांना फेस होता, शिडांना टाके होते. लांबच्या किनाऱ्यावर कार्ड जळाल्यापासून जे हिरवट डाग दिसायचे, ती झाडं होती. चष्मेवाला चष्मा पुसून पुन्हा बघत राहिला. दोन वर्षं त्याची बायको अशा समुद्रात नेम धरत होती, जिथं जहाज कुठलं आणि ढग कुठला हे कळत नव्हतं. तरी बुडवत होती. आणि घरात चष्मेवाला असून एकदाही नजरेची तक्रार केली नाही.

‘‘दिसतंय?’’ लेकीनं विचारलं.

‘‘दिसतंय.’’

‘‘देते तुमचं नाव.’’

संध्याकाळी लढाई सुरू झाली आणि चष्मेवाल्यानं पहिलाच गोळा आपल्या डोलकाठीवर हाणला.

‘‘बाबा! शत्रू डावीकडे!’’

‘‘तुझ्या डाव्या की माझ्या?’’

‘‘एकाच जहाजात आहोत आपण! मारा! अहो मारा ना! गोळा भरला का?’’

‘‘भरावा लागतो?’’

‘‘डोळे आहेत की बटणं? उद्या दुकानाची पाटी उतरवा आधी!’’

चष्मेवाल्याला एकदम बरं वाटलं. बायको गेल्यापासून त्याच्यावर कुणी ओरडलंच नव्हतं. त्या आनंदात त्यानं आणखी एक गोळा मारला. तो बंदरातल्या दीपगृहाला लागला. जहाज बुडालं. दुसऱ्या फेरीत बुडालं, तिसऱ्या फेरीतही बुडालं, आणि तिसऱ्या वेळी तर शत्रू जवळपासही नव्हता.

‘‘बाबा,’’ लेक दमून म्हणाली, ‘‘राग मानू नका, पण तोफ सासूबाईंना देते.’’

‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला. इतका खटाटोप करून त्यानं तोफ अर्धा तास सांभाळली होती. ‘‘मग मी ठेवतो. जेवून घे वेळेवर.’’

‘‘ठेवतो काय? जहाजाच्या तळाला एक पंप असतो. तिथं कुणीच बसत नाही, कारण नुसतं पाणी उपसायचं असतं. बसाल?’’

‘‘नेम धरावा लागतो?’’

‘‘नाही हो. बटण दाबून धरायचं. आणि कुठं गळतंय ते ओरडून सांगायचं.’’

‘‘ते जमेल.’’

थोड्या वेळानं विहीणबाईंचा आवाज आला. ‘‘अहो व्याही, आता निर्धास्त राहा. मी आहे तोफेवर.’’ आणि त्यांनी पहिला गोळा हाणला.

‘‘विहीणबाई, आपल्या शिडाला भोक पडलं,’’ चष्मेवाल्यानं तळातून ओरडून सांगितलं.

‘‘वाऱ्यानं पडलं असेल.’’

‘‘वाऱ्याला गोळा कुणी भरून दिला?’’

लेक मोठ्यानं हसली. तसं हसू चष्मेवाल्यानं आजवर दुरूनच ऐकलं होतं, ते थेट कानात आलं. मग जहाज वळवता वळवता ती बोलायला लागली. घरमालक घर सोडा म्हणतोय. खोकला गेला, पण झोप येत नाही. परवा बाजारात काहीतरी भाव विचारायला सवयीनं आईलाच फोन लावला, आणि नंबर बंद आहे हे ऐकून तिथंच उभी राहिले, लोक बघत होते. मध्येच ‘‘सासूबाई, उजवीकडे!’’ आणि पुन्हा पुढे चालू.

चष्मेवाला बटण दाबून धरून ऐकत होता. तळाला तीन ठिकाणी गळायला लागलं होतं.

‘‘बाबा? आहात ना?’’

‘‘आहे. पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. तू बोल.’’